रोज एक मिलिमीटर

टेबलांवर हाडं मांडून ठेवलेली होती. प्लॅस्टिकची, पिवळसर पांढरी. काही मांडीची, काही नडगीची, आणि त्यांतली बरीचशी मुद्दाम वाकडी बनवून आणलेली. प्रत्येक हाडाभोवती चार-पाच डॉक्टर उभे. शेजारी स्टीलच्या अर्धगोल रिंगा, आटे पाडलेल्या सळ्या, नट, वॉशर, बिजागऱ्या आणि दहा नंबरचे पाने. नांदेडकडून आलेला एक तरुण सर्जन दोन अर्धगोल जोडून पूर्ण रिंग करत होता. शिकवणारे सर त्याच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी रिंग हातात घेतली, नट अंगठ्यानं चाचपला आणि सगळं पुन्हा उघडायला लावलं. "हा नट पेशंटच्या घरी रात्री सैल होईल. तेव्हा तू तिथं नसशील," एवढंच म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

हाताला मिळणारं शिक्षण, असा विषय संपादकांनी यंदाच्या अंकासाठी दिला, तेव्हा मला गवंडी, सोनार, वाद्यं बनवणारे आठवले होते. मग एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्रानं सुचवलं, की वाकडे पाय सरळ करायला आणि आखूड पाय वाढवायला डॉक्टर कसे शिकतात ते एकदा बघ. म्हणून मिरजेला गेलो. १८९४मध्ये विल्यम वॉनलेस यांनी इथं सुरू केलेल्या दवाखान्यापासून हे गाव रुग्णांचं गाव आहे. सांगली, सोलापूरकडून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून माणसं रेल्वेनं येतात, आणि स्टेशनबाहेर रिक्षावाला तुम्हाला आधी विचारतो, "कुठल्या दवाखान्यात?"

या कार्यशाळेत आलेले सगळे शिकून-सवरून डॉक्टर झालेले होते. एमबीबीएसनंतर अस्थिशल्यात तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, त्यावर काही वर्षं नोकरी. मोडलेलं हाड बसवणं, पट्टी आणि स्क्रू लावणं, खुब्याचा सांधा बदलणं त्यांना येत होतं. पण आमच्याकडच्या निवासी डॉक्टरचा बहुतेक काळ अपघातात जातो. रोज रात्री मोटारसायकलवरून पडलेले चार जण येतात, त्यांचं हाड सांधायचं आणि पुढच्याकडे वळायचं. लहानपणी हाडात पू झाल्यामुळे वाढ खुंटलेला पाय, मुडदुसानं धनुष्यासारखा वाकलेला, हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून तिरका जोडलेला, फ्लोराइडच्या पाण्यानं गुडघे एकमेकांवर घासणारा किंवा जन्मतःच एक हाड कमी असलेला पाय, असे रुग्ण त्याच्या वाट्याला क्वचित येतात. आलेच तर 'मोठ्या सेंटरला न्या' अशी चिठ्ठी लिहिली जाते. ती चिठ्ठी लिहायची वेळ कमी यावी, यासाठी ही टेबलं मांडली होती.

आधी पेन्सिल

पहिल्या सत्रात कोणाच्याही हातात पाना दिला नाही. कंबरेपासून घोट्यापर्यंतच्या लांब एक्स-रेच्या छापील प्रती, पारदर्शक कागद, पट्टी, कोनमापक आणि पेन्सिल दिली. कॉम्प्युटरवर ही मापं घेणारी सॉफ्टवेअरं केव्हाच आली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी तीही दाखवली गेली. तरी सुरुवात कागदावरच व्हायला हवी, असा शिकवणाऱ्यांचा आग्रह होता. तो मला पटला. रेघ स्वतः ओढल्याशिवाय ती कुठून ओढायची हा प्रश्नच पडत नाही.

खुब्याच्या गोल डोक्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेघ ओढली, तर निरोगी पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून, किंचित आतल्या बाजूनं जाते. शरीराचा भार या रेघेवरून उतरतो. रेघ खूप आत किंवा बाहेर सरकली, की गुडघ्याच्या एकाच बाजूवर सगळं वजन पडतं आणि तो सांधा लवकर झिजतो. ती सरकली आहे हे कळल्यावर पुढचा शोध सुरू होतो. दोष मांडीच्या हाडात, नडगीत, सांध्यात, की एकाहून जास्त ठिकाणी? त्यासाठी सांध्याच्या पृष्ठाशी हाडाचा अक्ष किती अंशांचा कोन करतो ते मोजायचं. गुडघ्याच्या वर तो बाहेरच्या बाजूला साधारण ८८ अंश असतो, गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला साधारण ८७. दोन-तीन अंशांचा फरक माणसामाणसांत असतोच. पण ८७च्या जागी ७२ आले, तर वाक नडगीत आहे.

वाकडं हाड डोळ्यांनी पाहिलं की वाकाची जागा लगेच कळते, असं आपल्याला वाटतं. तिथं सगळेच फसतात. वरच्या तुकड्याचा अक्ष खाली वाढवायचा, खालच्या तुकड्याचा वर वाढवायचा. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना छेदतात, तो वाकाचा खरा बिंदू. या क्षेत्रातले लोक त्याला 'कोरा' म्हणतात. पुष्कळदा तो डोळ्यांना दिसणाऱ्या जागेपासून दोन-चार बोटं दूर निघतो, कधी सांध्यातच, कधी हाडाच्या बाहेर. हाड कापलं आणि बिजागरी बसवली दोन्ही त्याच बिंदूवर, तर पाय नुसता वळतो आणि सरळ होतो. बिजागरी बिंदूवर ठेवून हाड थोडं दूर कापलं, तर तुकडे कापाच्या जागी बाजूला सरकतात, पण अक्ष एका रेघेत येतो. कधी सांध्याच्या अगदी जवळ कापणं शक्य नसतं, तेव्हा सर्जन समजून-उमजून हा मार्ग घेतो. मात्र दोन्ही गोष्टी बिंदूपासून दूर गेल्या, तर कोन सुधारूनही अक्ष जुळत नाही; एक दोष काढताना दुसरा तयार होतो.

हे तीन नियम आणि सांध्यांच्या कोनांची ही पद्धत आज जगभर शिकवली जाते ती मुख्यतः ड्रॉर पेली यांच्यामुळे. त्यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ डिफॉर्मिटी करेक्शन' हे जाडजूड पुस्तक २००२मध्ये आलं. सभागृहातल्या एका टेबलावर त्याची पानं सुटायला आलेली प्रत होती, आणि चहाच्या सुट्टीतही तिच्याभोवती घोळका होता.

सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एक्स-रे आहे, आणि एक्स-रे चुकीचा असेल तर पुढचं सगळं चुकतं. रुग्ण उभा पाहिजे. पायाचं पाऊल कुठेही वळलेलं असो, गुडघ्याची वाटी समोर पाहिजे. आखूड पायाखाली लाकडी ठोकळे ठेवत जायचं, कंबर समपातळीत येईपर्यंत. किती सेंटिमीटरचे ठोकळे लागले, ते झालं पायातल्या अंतराचं पहिलं माप. एका ज्येष्ठ सरांनी शिबिरार्थींना तंबी दिली: एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाशेजारी स्वतः उभे राहा, त्याला वाटी समोर म्हणजे काय ते दाखवा, त्याच्यावर चिडू नका. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

कुर्गानहून लेक्कोला, तिथून इकडे

आखूड पाय ओढून वाढवण्याचा प्रयत्न जुना आहे. इटलीत बोलोन्याच्या अलेस्सांद्रो कोदिव्हिला यांनी १९०५मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. हाड कापून टाचेतून घातलेल्या खिळ्यानं ते जोरानं ओढायचं, असा तो मार्ग. नसा, रक्तवाहिन्या आणि कातडी त्या झटक्याला तयार नसत, आणि रुग्णांचे हाल होत. पुढची पन्नास वर्षं बहुतेक सर्जन या कामापासून लांबच राहिले.

मार्ग सापडला सैबेरियात. गाव्रिल इलिझारोव्ह १९४४मध्ये डॉक्टर झाले आणि त्यांची नेमणूक कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्का नावाच्या खेड्यात झाली. युद्धातून हाडं मोडून आलेले सैनिक समोर होते, औषधं आणि साधनं अपुरी होती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रिंगा आणि आरपार ताणलेल्या बारीक तारा यांचं उपकरण तयार केलं. मूळ हेतू तुकडे एकमेकांवर दाबून हाड जोडण्याचा होता. असं सांगतात, की एका रुग्णानं नट उलट्या बाजूला फिरवले, तुकडे जवळ येण्याऐवजी दूर गेले, आणि मधल्या फटीत नवं हाड धरू लागलं. गोष्ट घडली तशीच सांगितली जाते का, कोण जाणे. पण त्यानंतर त्यांनी प्राण्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, हे नक्की. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढलं तर हाड वेळेआधीच जुळतं आणि वाढ थांबते. दोन मिलिमीटर ओढलं तर नवं हाड नीट धरत नाही, मऊ भागांना इजा होते. एक मिलिमीटर मानवतो. तोही एकदम न ओढता पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा ओढला तर जास्त चांगला. यंत्रानं तोच मिलिमीटर दिवसाला साठ टप्प्यांत दिला, तेव्हा हाड त्याहून उत्तम आलं. हळूहळू आणि सतत ताण दिला, तर हाडाबरोबर स्नायू, नस, रक्तवाहिनी आणि कातडीही वाढते. इलिझारोव्ह यांचा मुख्य शोध हा आहे.

मॉस्कोच्या मोठ्या डॉक्टरांनी या खेडवळ सर्जनकडे बरीच वर्षं दुर्लक्ष केलं. तोक्यो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक जिंकलेला व्हालेरी ब्रुमेल १९६५मध्ये मोटारसायकलच्या अपघातात जायबंदी झाला. अनेक शस्त्रक्रियांनंतरही जो पाय बरा होत नव्हता, तो १९६८मध्ये कुर्गानला गेल्यावर बरा झाला, तेव्हा इलिझारोव्ह यांचं देशभर नाव झालं. देशाबाहेर ही विद्या जायला अजून बारा वर्षं लागली. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी, थॉर हेयरडालच्या 'रा' या पपायरसच्या नौकेवरचा खलाशी, जुना बरा न झालेला पाय घेऊन १९८०मध्ये कुर्गानला पोचला. सुधारलेला पाय घेऊन परतला, तेव्हा लेक्कोचे त्याचे डॉक्टर थक्क झाले. १९८१मध्ये बेलाज्जोच्या परिषदेत इलिझारोव्ह स्वतः बोलले. पाठोपाठ लेक्कोत या पद्धतीचा अभ्यास आणि वापर करणाऱ्यांची 'असामी' ही संघटना उभी राहिली. आज देशोदेशी तिच्या शाखा आहेत, भारतातही.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ही विद्या पसरली ती माणसामागे माणूस बसून. लेक्कोचे डॉक्टर कुर्गानला जाऊन राहिले, कॅनडाचे आणि अमेरिकेचे लेक्कोला आणि कुर्गानला गेले, मग आपल्याकडचे गेले. मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी ती भारतात रुजवण्यासाठी पुष्कळ कष्ट घेतले. त्यांनी संपादित केलेलं अस्थिशल्याचं पाठ्यपुस्तक देशभरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतं. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव्ह तंत्राचं केंद्र उभं केलं, आणि तिथं बाहेरचे डॉक्टर शिकायला येतात. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' नावाची रचना तर इथलीच. बारीक तारा, सळ्या आणि छोटे क्लॅम्प वापरून हाताच्या बोटांना आणि लहान मुलांच्या आत वळलेल्या पावलांना आधार देणारी, स्वस्त, कुठेही नेता येणारी. मिरज आणि अकोला ही काही राजधानीची शहरं नाहीत. दोल्गोव्काही नव्हतं.

तारेकडे रिंग

दुपारी हातात पाने आले. नडगीच्या हाडावर चार रिंगांचं उपकरण चढवायचं होतं. तार दीड किंवा १.८ मिलिमीटर जाडीची. ती पायातून आरपार जाणार, म्हणजे वाटेत काय-काय आहे ते सर्जनला तोंडपाठ पाहिजे. त्यासाठी पायाच्या आडव्या कापांची चित्रं भिंतीवर लावली होती: कुठल्या उंचीवर नस कुठे, धमनी कुठे, कुठल्या कोनातून तार सुरक्षित जाते. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला बारीक हाडाच्या मानेभोवती एक नस वळसा घालते. ती दुखावली तर पाऊल उचलता येत नाही, चालताना लोंबतं. सगळ्या चित्रांत ती नस लाल पेनानं पुन्हा गिरवलेली होती.

तार घालण्याची रीत संयमाची आहे. आधी ती हातानं कातडीतून हाडापर्यंत टोचायची, मगच ड्रिल सुरू करायचं. ड्रिल थांबत-थांबत चालवायचं, तार ओल्या गॉजनं धरायची. तार तापली तर भोवतालचं हाड मरतं आणि तिथं पू होतो. हाडाची पलीकडची भिंत ओलांडली, की ड्रिल बंद करून तार हातोडीनं हलके ठोकत बाहेर काढायची. फिरती तार नस गुंडाळून घेते. तार पुढच्या स्नायूंतून जाताना पाऊल खाली दाबून धरायचं, मागच्या स्नायूंतून जाताना वर. म्हणजे स्नायू ताणलेल्या स्थितीत असतानाच तार जाते आणि नंतर सांधा आखडत नाही. पूर्ण भूल असेल आणि स्नायू सैल पाडणारं औषध टाळलेलं असेल, तर पायाच्या अंगठ्यावर एकाची नजर हवी. तो हलला की थांबायचं.

तार रिंगच्या पृष्ठावर बरोबर टेकतेच असं नाही. थोडं अंतर राहिलं, तर तार वाकवून रिंगला चिकटवण्याचा मोह होतो. बेळगावहून आलेल्या एका डॉक्टरनं तेच केलं. सरांनी तार सोडायला लावली, मधे दोन वॉशर भरायला लावले. तारेकडे रिंग न्यायची, रिंगकडे तार न्यायची नाही. वाकवलेली तार पुढचे सहा महिने हाडाला एका बाजूला खेचत राहते, आणि रुग्णाला तिथंच दुखत राहतं. मग ताण देण्याच्या यंत्रानं तार ताणायची, मोठ्या माणसात पूर्ण रिंगवर साधारण १३० किलोपर्यंत. ताणून झाल्यावर सरांनी बोटानं तार छेडली. तंबोऱ्याची जुळलेली तार वाजावी तसा स्वच्छ सूर आला. शेजारची तार छेडली, ती ठस्स वाजली. ती पुन्हा ताणायला सांगितली.

हाड कापण्याचं काम प्लॅस्टिकवर खरं शिकता येत नाही. जिवंत हाडाभोवती एक पातळ आवरण असतं, आणि नव्या हाडाचा मोठा आधार तेच आवरण आहे. लहान छेदातून ते जपत, ओळीनं बारीक भोकं पाडून, छिन्नीनं भिंत तोडून, शेवटी हलका पीळ देऊन हाड सोडवायचं. करवत चालवायची नाही, घाई करायची नाही. हे शिकायचं तर शस्त्रक्रियागृहात ज्येष्ठांच्या समोर उभं राहावं लागतं. म्हणूनच कार्यशाळा ही फक्त दाराची ओळख. खरं शिक्षण सहा महिन्यांच्या, वर्षाच्या फेलोशिपमध्ये होतं.

शेवटच्या सत्रात पुन्हा गणित आलं. वाक हळूहळू उघडायचा असेल तर एका बाजूला बिजागरी आणि समोरच्या बाजूला फिरवायची सळी असते. पण सळी कातडीच्या बाहेर, रिंगवर असते, म्हणजे बिजागरीपासून हाडाच्या मानानं बरीच दूर. हाडाची भिंत बिजागरीपासून तीन सेंटिमीटरवर आणि सळी नऊ सेंटिमीटरवर असेल, तर हाडात एक मिलिमीटर उघडायला सळी तीन मिलिमीटर फिरवावी लागते. शाळेतले समरूप त्रिकोण. तरुण डॉक्टर आधी बिचकले, मग फळ्यावर आकृती काढल्यावर कुजबुज थांबली. चार्ल्स टेलर यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत बनवलेल्या सहा सळ्यांच्या चौकटीत हा हिशेब कॉम्प्युटर करतो आणि सगळ्या दिशांचे वाक एकाच वेळी काढतो. बाहेरून चुंबकानं लांबवता येणारी, हाडाच्या पोकळीत बसणारी सळीही २०११पासून आली आहे. रुग्णाला बाहेर काहीच वागवावं लागत नाही, हा तिचा फार मोठा दिलासा. तिची किंमत मात्र आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून रिंगा शिकाव्याच लागतात.

नेलपॉलिशचे ठिपके

सभागृहापासून थोड्या अंतरावर एका रुग्णालयाचा वॉर्ड पाहिला. खिडकीजवळच्या खाटेवर जत भागातली चौदा वर्षांची मुलगी होती. तान्ही असताना हाडात पू झाला, गुडघ्याजवळची वाढीची पट्टी करपली, आणि डावा पाय पाच सेंटिमीटर मागे राहिला. शस्त्रक्रियेनंतर पाच ते सात दिवस काहीच फिरवायचं नसतं. तुटलेल्या जागी सुरुवातीचा मऊ थर धरू द्यायचा. मग रोज चार वेळा नट फिरवायचे. आटा असा आहे, की नट एक फेरा फिरला म्हणजे एक मिलिमीटर. पाव फेरा, चार वेळा.

ते फिरवत होती तिची आई. तिला वाचता येत नव्हतं. सिस्टरनं नटांच्या कडांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, लाल, निळा, हिरवा, पांढरा. सकाळी लाल समोर, दुपारी निळा. खाटेच्या कडेला पुठ्ठ्यावर त्याच रंगांच्या टिकल्यांचा तक्ता, आणि झालेल्या पाळीवर फुली. "पहिलं चार दिस हात थरथरायचा माझा," ती म्हणाली. "आता झोपंतबी फिरवीन." मुलगी हसली, आणि तिनं सांगितलं की रात्रीची पाळी आई कधी चुकवत नाही, उलट गजर व्हायच्या आधीच उठते.

तारांच्या भोवती रोज स्वच्छता करावी लागते. कुठे लालसर झालं, पाणी यायला लागलं, तार दुखायला लागली, तर त्याच दिवशी सांगायचं. पाय लांबतो तसे मागचे स्नायू टाच वर ओढतात, म्हणून पावलाखाली पट्टा बांधून ते वर खेचून ठेवायचं. गुडघा वाकवत राहायचा, आणि रिंगांसकट, वॉकर धरून, पायावर भार देऊन चालायचं. भार दिल्याशिवाय हाड पक्कं होत नाही. वॉर्डातली फिजिओथेरपिस्ट ताई सगळ्यात कडक होती. वॉर्डातल्या मावशी आणि मामासुद्धा खाटेजवळून जाताना सहज विचारत, "आज किती चाललीस?"

पाच सेंटिमीटर म्हणजे फिरवण्याचे पन्नास दिवस. ते संपले की आई विचारते, रिंग कधी काढणार? तेव्हा सांगावं लागतं, की नवं हाड अजून मऊ आहे; एक्स-रेमध्ये नुसत्या धूसर रेघा दिसतात. फिरवायला जितका वेळ लागला, त्याच्या साधारण दुप्पट वेळ पक्कं व्हायला लागतो. म्हणजे सगळे मिळून पाच-सहा महिने. मोठ्या माणसात त्याहून जास्त. शाळा बुडते, आईची मजुरी बुडते, दर पंधरा दिवसांनी एसटीनं यावं लागतं, आणि बसच्या पायरीवर रिंग घासते. काही रुग्ण चौथ्या महिन्यात म्हणतात, काढून टाका. त्यावेळी डॉक्टरनं काय बोलायचं, हे प्लॅस्टिकच्या हाडावर शिकवता येत नाही.

पेली यांनी १९९०मध्ये या उपचारातल्या अडचणींची एक विभागणी मांडली आणि ती आता सगळीकडे शिकवली जाते. शस्त्रक्रियेशिवाय सुटते ती समस्या. शस्त्रक्रियेनं सुटते तो अडथळा. उपचार संपल्यावरही मागे राहते, ती खरी गुंतागुंत. मला ही विभागणी फार माणुसकीची वाटते. उपचारादरम्यान काहीतरी बिघडणारच, हे ती गृहीत धरते. बिघाड लवकर दिसला तर तो पहिल्या कप्प्यात राहतो, दुर्लक्ष झालं तर तिसऱ्यात जातो. दिसण्यासाठी रुग्ण डोळ्यांसमोर हवा. तेव्हा सर्जन किती कुशल, याच्या बरोबरीनं तो रुग्णाला किती वेळा पाहतो आणि त्याचा फोन उचलतो का, यावर पाय ठरतो.

कुणाला नाही म्हणायचं

सगळ्याच आखूड पायांना रिंग लागत नाही. दोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक बुटाच्या टाचेखाली थर देऊन भागतो, आणि बरीच माणसं तेवढाही थर न लावता आयुष्य काढतात. जन्मतः आत वळलेल्या पावलांना तर बहुतेक वेळा मोठी शस्त्रक्रियाच नको. इग्नासियो पोन्सेती यांच्या पद्धतीनं दर आठवड्याला प्लास्टर बदलत, शेवटी टाचेची शीर छोट्या छेदानं सोडवून, मग काही वर्षं झोपताना विशिष्ट बूट घालून पाऊल सरळ होतं. पोलिओमुळे बारीक झालेल्या पायाचा हिशेब वेगळा. तिथं लांबीपेक्षा गुडघा स्थिर होणं महत्त्वाचं असतं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्यात सापडला आणि २०१४मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी त्या आजारानं आधीच पांगळी केलेली पिढी आज तिशी-पन्नाशीत आहे, आणि ती अजूनही बाह्यरुग्ण विभागात येते.

आणि एक नवी रांग लागली आहे, निरोगी तरुणांची. त्यांना फक्त उंची हवी आहे. सैन्यभरतीसाठी, लग्नासाठी, मनातल्या काट्यासाठी. दोन्ही पायांची हाडं तोडून पाच-सहा सेंटिमीटर मिळवायचे, त्यासाठी वर्ष घालवायचं, आणि सांधा आखडण्याचा, नस दुखावण्याचा, हाड न धरण्याचा धोका पत्करायचा. जाहिराती हे सगळं सोपं असल्याचं सांगतात. कार्यशाळेत एका सत्रात यावर बराच वाद झाला. माझं मत ज्येष्ठ सरांच्या बाजूचं आहे: ही विद्या शिकवताना कुणाला नाही म्हणायचं, हेही तेवढ्याच कसोशीनं शिकवायला हवं. पाच सेंटिमीटर कमी असलेला पाय आणि पाच सेंटिमीटर कमी वाटणारी उंची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवर पाना चालत नाही.

टेबलाभोवती कोण नव्हतं

त्या सभागृहात चाळीसेक डॉक्टर होते. एकही परिचारिका नव्हती, एकही फिजिओथेरपिस्ट नव्हती, एक्स-रेचा तंत्रज्ञ नव्हता. ज्यांच्या हातात उपचाराचे सहा महिने असतात, ते या शिक्षणाच्या बाहेर आहेत. वॉर्डातल्या सिस्टरनं ठिपक्यांची युक्ती एका जुन्या सहकारी सिस्टरकडून उचलली होती. उद्या ती बदलून गेली तर ती युक्तीही जाईल. ज्या तरुण सर्जनांना सहा महिन्यांची फेलोशिप परवडत नाही, त्यांचं शिक्षण या चार टेबलांपाशी संपतं, आणि मग जिल्ह्याच्या गावी एकट्यानं पहिली रिंग बसवायला ते घाबरतात. घाबरणं योग्यच आहे. त्यांना फोनवर एक्स-रे पाहून सल्ला देणारा ज्येष्ठ मिळाला, सोबत दोन सिस्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट याच वर्गात शिकून आली, तर जतच्या आईला दर पंधरवड्याला मिरजेची एसटी पकडावी लागणार नाही. कार्यशाळा भरवणाऱ्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरमागे एक सिस्टर आणावी, अशी अट घालावी. त्याचा खर्च एका रिंगच्या संचाहून जास्त नसेल.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना एवढं सांगायचं आहे. दोन वर्षांपर्यंत मुलांचे पाय थोडे धनुष्याकार असतात, तीन-चार वर्षांच्या सुमाराला गुडघे एकमेकांकडे येतात, आणि सातव्या वर्षापर्यंत ते बहुतेक आपोआप सरळ होतात. त्यासाठी बूट, मालिश, हाडवैद्य काही नको. पण वाक एकाच पायात असेल, दोन वर्षांनंतर वाढत असेल, मूल लंगडत असेल किंवा वयाच्या मानानं फार बुटकं राहत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. २०१३मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची मोफत तपासणी होते. वळलेलं पाऊल, निखळलेला खुबा आणि मुडदूस त्यात पाहतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. वाढतं वय असताना वाक निघाला, तर वाढीच्या पट्टीवर दोन स्क्रूंची एक छोटी पट्टी बसवून एका बाजूची वाढ काही काळ रोखता येते, पाय स्वतःच सरळ होतो आणि मग पट्टी काढतात. मुलींच्या गुडघ्याजवळची वाढ साधारण चौदाव्या वर्षी थांबते, मुलांची सोळाव्या. त्यानंतर हा सोपा मार्ग बंद होतो, आणि मग हाड कापावंच लागतं.